सतरा चाळीसची नोंद

"पोलिसांनी काम करताना कायद्याने घालून दिलेली मर्यादा पाळली, असे आपणास वाटते काय?" सविताने टॅबवरचा सातवा प्रश्न वाचून दाखवला आणि पेरू कापणाऱ्या अनसाबाईची सुरी मध्येच थांबली. दौंडच्या स्टेशन रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, डिसेंबरातलं, अंगावर घ्यावंसं वाटणारं. सविता गेली दोन वर्षं दौंडला हवालदार होती. सकाळी ठाण्याच्या साहेबांनी तिला पन्नास माणसांचे अभिप्राय गोळा करायला पाठवलं होतं. त्यावरून ठाण्याच्या कामाला गुण मिळणार होते. लोकांना काय सांगायचं ते सांगू द्या, आपण मध्ये बोलू नका, असंही साहेब म्हणाले होते. एकतीस जण झाले होते. पोलीस वेळेवर आले का, नीट बोलले का, तक्रार लिहून घेतली का. कुणी हो म्हणत, कुणी नाही म्हणत, कुणी वर्दीकडं बघून नुसतंच हसत, आणि तिचं बोट पडद्यावर टेकत टेकत पुढं जात होतं. सातव्या प्रश्नाला मात्र आत्तापर्यंत सगळ्यांनी 'व्हय' म्हटलं होतं. प्रश्न संपायच्या आतच म्हटलं होतं.

"मर्यादा म्हंजी?" अनसाबाईनं विचारलं.

"म्हणजे पोलिसांना काय करता येतं, काय करता येत नाही, ते. कायद्यानं ठरवून दिलंय ना."

"आन् ते आमाला कसं ठावं आसंल, बाई? रेघ कुठं मारलीया ती तुमाला दिसती. वलांडली का न्हाई, ते बी तुमालाच ठावं." म्हातारीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं फोडींना मीठमिरची लावली, कागदावर ठेवल्या आणि कागद सविताच्या पुढं केला. "तुमीच सांगा काय लिवायचं ते. पाळली का?"

सविताचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं. झोप लागता लागता पाय निसटल्यासारखा होऊन माणूस दचकतो, तसं तिला झालं. रस्ता होता तिथंच होता. रिक्षावाले ओरडत होते, कुठलीशी गाडी फलाटाला लागल्याची घोषणा ऐकू येत होती, पेरूचा आंबटगोड वास नाकात होता. पण हे सगळं एका पातळ पडद्यापलीकडं गेल्यासारखं वाटलं, आणि पडद्याच्या अलीकडं, तिच्या अगदी जवळ, एक दुसरीच संध्याकाळ उभी होती. तिनं खिशावरून हात फिरवला. आत चार दिवसांपासून घडी घालून ठेवलेलं समन्स होतं. उद्या सकाळी अकरा वाजता, शिरूरचं कोर्ट, साक्षीसाठी. "नंतर येते मी," ती अनसाबाईला म्हणाली. बत्तिसावा अभिप्राय अर्धाच ठेवून ती चालू लागली. पेरूचा कागद हातात तसाच राहिला होता.

संध्याकाळी गवारेसाहेबांचा फोन आला. तो येणार हे तिला माहीत होतं. आनंदराव गवारे सहा वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठच्या एका लहान पोलीस चौकीत फौजदार होते आणि सविता तिथं शिपाई होती. "कशी आहेस, सविता? पाठ दुखायची तुझी, ती कशी आहे आता?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, एखाद्या मोठ्या भावासारखा. मग ते उद्याविषयी बोलले. "काही नाही गं, दहा मिनिटांचं काम. अटक किती वाजता केली, सतरा चाळीस. नोंद तुझ्याच अक्षरात आहे. बाकी काही विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. सहा वर्षांनी कुणाला काय आठवतं? माझी बढतीची फाईल वर गेलीये, तुला ठाऊकच आहे." ती हो साहेब म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. विक्रम, तिचा नवरा, आत आला आणि गॅस बारीक करून म्हणाला, "काय सांगणारेस उद्या?" विक्रमला सगळं माहीत होतं. "विचारतील ते," ती म्हणाली.

गवारेसाहेब वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, असं तिला सकाळच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर वाटलं. मग सगळं सोपं होतं. पण त्या चौकीत असतानाच एका जत्रेच्या बंदोबस्तात ती भर उन्हात उभी होती, चौथा महिना होता, आणि एकाएकी मांड्यांवरून ऊन ऊन काहीतरी ओघळायला लागलं. तिला कुणाला सांगायचीही लाज वाटली. गवारेसाहेबांनी लांबूनच तिचा चेहरा पाहिला आणि एक शब्द न विचारता तिला आपल्या गाडीत मागं झोपवलं. स्वतः गाडी चालवत, हॉर्नवर हात दाबून ठेवत, त्यांनी तिला दौंडच्या दवाखान्यात आणलं. मूल राहिलं नाही. विक्रम येईपर्यंत चार तास ते बाहेरच्या बाकावर बसून होते, टोपी मांडीवर ठेवून. ग्लानीत तिला दाराच्या फटीतून ती टोपी तेवढी दिसत होती. पुढं कित्येक दिवस डोळे मिटले की तीच टोपी दिसायची, आणि आपण एकट्या नव्हतो असं वाटून बरं वाटायचं. त्या जत्रेनंतर आठ महिन्यांनी ती संध्याकाळ आली होती. माणसाचे असे दोन तुकडे का करता येत नाहीत, हा चांगला, हा बाजूला, असं मनात म्हणत असतानाच बस पाटसच्या अलीकडं आली आणि मळीचा जड वास बसभर पसरला. उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. पलीकडं धुकं होतं. त्या धुक्यात कारखान्याची चिमणी अर्ध्यातून पुसून टाकल्यासारखी दिसत होती.

हा वास तिच्या लहानपणाचा वास होता. पाटसलाच ती वाढली. तिच्या घराला घर लागून सुफियाचं घर होतं, मधे गुडघ्याएवढी भिंत, आणि ती भिंत दोघींचं घोडं होती, दुकान होती, आगगाडी होती. दुपारभर खेळ चालायचा. घड्याळ दोन्ही घरांत होतं, पण पोरींना घड्याळ कुठलं कळतं? तर दोघींच्या आयांनी एक ठरवून दिलं होतं: मगरिबची बांग झाली की खेळ मोडायचा. दिवस बुडाला की बांग व्हायची. शेवटच्या डावात सविताचं लक्ष खेळात नसायचं, आभाळाकडं असायचं. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकायचा, मग अर्धा व्हायचा, मग नुसती लाल रेघ, मग तीही नाही, आणि तरी उजेड असायचाच, घरांच्या भिंती गुलाबी दिसायच्या. ती सुफियाला म्हणायची, अजून उजेड हाय की, अजून एक डाव. आणि तेवढ्यात बांग व्हायची. सुफियाची आई हातपाय धुऊन चटई अंथरायची आणि सविता भिंत ओलांडून घरी जायची. उजेड असला तरी दिवस संपलेला असतो, हे तिला तेव्हा कळलं होतं. सहाव्या-सातव्या वर्षी कळलं होतं. मोठेपणी ते विसरायला मात्र फार कष्ट पडले.

कारण ते तिनं विसरायचा प्रयत्न केला होता. चौफुल्यावर बस थांबली, माणसं चढली उतरली, केडगाव गेलं, पारगावच्या पुलावरून भीमा दिसली, पाण्यावरून वाफ उठत होती आणि एक माणूस कंबरभर वाफेत उभा असल्यासारखा जाळं ओढत होता. सविता बघत होती आणि बघत नव्हती. सहा वर्षांत तिनं त्या संध्याकाळचा सूर्य थोडा थोडा करून वर उचलला होता. एकदम नाही. आधी फक्त मनाशी म्हटलं, उजेड होता ना. मग म्हटलं, चांगलाच उजेड होता. मग कधीतरी, चौकीतून दौंडला बदली झाल्यावर, तिला खरोखरच आठवायला लागलं की सूर्य नदीपलीकडच्या बाभळीवर एक वीतभर होता. स्वप्नातही तिला तसंच दिसायचं. ती दोन्ही हातांनी सूर्याला खालून आधार देऊन उभी आहे, तो भाकरीसारखा ऊन आहे, हात भाजतायत, आणि मागून गवारेसाहेब मऊ आवाजात म्हणतायत, थोडा वेळ धर, सविता, थोडाच वेळ. जाग आल्यावर तळहात खरंच गरम असायचे.

न्हावऱ्याला बस रिकामी झाली. फाट्यावर इनामगावची पाटी होती. आठवीत असताना शाळेची सहल तिथं गेली होती. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उकरून काढलेली, चुली, रांजण, भिंतींच्या खुणा. मास्तरांनी सांगितलं होतं, ही माणसं आपल्या मेलेल्यांना घराच्याच जमिनीखाली पुरायची, आणि पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडायची, म्हणजे ती उठून परत चालत येणार नाहीत. मुली शहारल्या होत्या. सविताला मात्र रात्री झोपताना वेगळाच विचार आला होता. त्या घरात वर राहणाऱ्यांना झोप कशी लागत असेल? आज पाटी मागं पडताना तिला वाटलं, लागत असेल. सवयीनं लागते.

त्या संध्याकाळचं खरं काय होतं ते हे. नदीकाठच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या. गावातल्या मोठ्या बागायतदारांनी वर तक्रारी केल्या होत्या आणि वरून गवारेसाहेबांना रोज फोन येत होते. कुणीतरी अफताब मण्यारचं नाव सांगितलं. अफताब वीस-एकवीस वर्षांचा, वेल्डिंगच्या दुकानात कामाला. आई जन्नतबी बांगड्या विकायची, निमोण्याच्या बाजारात, इनामगावच्या बाजारात, लग्नघरी बोलावतील तिथं. पोलीस दोनदा दिवसा घरी जाऊन आले. अफताब सापडला नाही. तिसऱ्यांदा संध्याकाळी जीप काढताना साहेब सविताला म्हणाले, "तू पण चल. पोरगं नाही ना मिळत, मग आईला आणू. बघ कसा येतो पळत." सविता जीपमध्ये बसली. चौकीच्या भिंतीवर छापील तक्ता होता, त्यात लिहिलेलं होतं की स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी कारण देऊन आधी न्यायाधीशांची परवानगी घ्यायची. ट्रेनिंगमध्ये तिनं हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. जीप निघाली तेव्हा बांग झालेली होती. तिनं ती ऐकली होती. घराच्या दारात ते पोचले तेव्हा आत जन्नतबी चटईवर होती. साहेब आत शिरणार तेवढ्यात सविता म्हणाली, "साहेब, नमाज होऊ द्या," आणि साहेब थांबले. बाहेर जाऊन त्यांनी पाठ फिरवली. तसा तो माणूस होता.

ती चौकटीला टेकून उभी राहिली. पश्चिमेकडं आभाळ तांबूस-जांभळं झालं होतं, आतल्या भिंतीवर त्याचा रंग उतरला होता, कोपऱ्यातल्या पाटीत दोऱ्यात बांधलेल्या बांगड्यांचे तोडे रचून ठेवलेले होते आणि ते आपल्याच आतून उजळल्यासारखे दिसत होते. जन्नतबी वाकली, उठली, बसली, कपाळ टेकवलं. तिला मागं कोण उभं आहे हे कळलेलं होतं, कारण तिच्या खांद्यांत एक ताठरपणा आला होता, पण तिनं घाई केली नाही. सविताला त्या दोन-चार मिनिटांत फार शांत वाटलं. असं वाटलं की ही नमाज संपूच नये, आपण असंच चौकटीला टेकून राहावं, आई हाक मारील आणि आपण भिंत ओलांडून घरी जाऊ. मग जन्नतबीनं उजवीकडं मान वळवली, डावीकडं वळवली, आणि डावीकडं सविता होती. "अफताब घरात न्हाई, बाई," ती म्हणाली. सविता म्हणाली, "तुम्हाला चलावं लागंल." "मला? म्या काय केलंया?" जन्नतबीनं चौकट धरली. सविताने तिचं मनगट धरलं. पुढं खटल्यात आलेला सरकारी कामातला अडथळा, तो एवढाच.

चौकीत बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. आणि काय झालं कोण जाणे, जन्नतबीनं सविताचा हात आपल्या हातात घेतला, बांगडीचं माप घेताना दाबतात तसं अंगठ्याखालचं हाड सवयीनं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "सव्वादोनचा हात हाय तुमचा." एवढंच. सविताला हात काढून घेता आला नाही. टेबलापलीकडून साहेबांनी डायरी सरकवली. "वेळ लिही, सतरा चाळीस." पाच चाळीस. सूर्य बुडायला तेव्हा वीस मिनिटं होती. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजत आले होते. सविताने उजवा हात सोडवून घेतला, पेन घेतलं आणि लिहिलं. अक्षर सुबक आलं, नेहमीसारखंच. सकाळी अफताब आला. धावत आला होता, पायांत काही नव्हतं. आईला बाकावर बघून तो चौकीच्या दारातच खाली बसला, जणू त्याला कुणी वरून दाबलं होतं. पुढं महिन्याभरात केबलचोर भलतेच निघाले. पण आईची अटक झाली होती आणि तिला काहीतरी कारण असायला हवं होतं, म्हणून खटला राहिला. सहा वर्षं राहिला.

शिरूरच्या कोर्टात गर्दी होती. नाव पुकारलं गेलं तेव्हा सविताला आपलं नाव कुणा दुसरीचं वाटलं. ती पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. जन्नतबी मागच्या बाजूला उभी होती. ती वाळली होती, केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. गवारेसाहेब कोर्टात नव्हते. त्यांची साक्ष आधीच्या तारखेला झाली होती. सरकारी वकिलांनी भराभर विचारलं, नाव, नेमणूक, तारीख. सविताने भराभर सांगितलं. "अटक किती वाजता केली?" "नोंद सतरा चाळीसची आहे," ती म्हणाली. वकिलांनी मान हलवली आणि ते बसले. तेवढ्यात सगळं आटोपलं. इतकं हलकं होतं ते. गवारेसाहेब म्हणाले तसं, दहा मिनिटंही लागली नव्हती.

जन्नतबीला मोफत विधी सेवेतून मिळालेली वकील उठली. सुलक्षणा तिचं नाव, पोरगेलीच होती, कोटाच्या बाह्या तिला लांब होत होत्या. तिनं दोन-तीन प्रश्न विचारले, पंच कोण होते, जीप कुणी चालवली. उत्तरं कागदावर होती तीच आली. मग तिनं कागद खाली ठेवला. बहुतेक तिच्याकडं प्रश्न संपले होते. "तुम्ही घरी पोचलात तेव्हा आरोपी काय करत होती?"

आठवत नाही, असं म्हणायचं होतं. शब्द जिभेवर तयार होता. पण पुढं चटई आली, तांबूस भिंत आली, टेकलेलं कपाळ आलं, आणि सविता म्हणाली, "नमाज पढत होती."

सुलक्षणानं मान वर केली. "कोणती नमाज?"

सरकारी वकील उठले. "साक्षीदार हिंदू आहेत. त्यांना हे माहीत असण्याचं कारण नाही." न्यायाधीशबाईंनी सविताकडं पाहिलं. "माहीत असेल तर सांगा. नसेल तर नाही म्हणा." बाईंच्या आवाजात ना राग ना आग्रह. टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली. पंखा फिरत होता. उतरत्या दुपारचीही एक नमाज असते, अस्रची, ती पाच चाळीसच्या आधी होते, हेही सविताला माहीत होतं; सुफियाच्या आईनंच सांगितलं होतं. ते एक नाव घेतलं असतं तरी सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मांडीवरची टोपी राहिली असती. चार तास बाकावर बसलेला माणूस राहिला असता. तिला वाटलं, आपण सूर्य धरून उभ्या आहोत, आणि हात आता खरोखरच दुखतायत, खांद्यापासून दुखतायत, आणि कुणी म्हणत नाहीये की थोडा वेळ धर. सगळे नुसते वाट बघतायत.

"मगरिबची," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दिवस मावळल्यानंतरची. बांग झाली तेव्हा आम्ही चौकीतून निघत होतो. त्यांची नमाज होईपर्यंत मी दारात थांबले होते. त्यांना ताब्यात घेतलं तेव्हा सव्वासहा होऊन गेले होते." आपला आवाज तिला लांबून ऐकू येत होता. "सतरा चाळीसची नोंद मी केली. ती खरी नाही."

"न्यायाधीशांची परवानगी घेतली होती?"

"नाही."

"कुणाच्या सांगण्यावरून नोंद केली?"

तिनं नाव सांगितलं. टाइप करणाऱ्या मुलीची बोटं पुन्हा चालू झाली. न्यायाधीशबाई तिला म्हणाल्या, "हे तुमच्याही विरुद्ध जाईल, कळतंय ना?" ती हो म्हणाली. मग कठड्याला धरून ती खाली उतरली.

पुढं व्हायचं ते झालं. जन्नतबी मार्चमध्ये निर्दोष सुटली. सविताला कारणे दाखवा नोटीस आली. तिनं उत्तरात कोर्टात सांगितलं तेच लिहिलं, एक ओळ जास्त नाही. तिच्या सेवापुस्तकात ठपका बसला आणि तिला टेबलाच्या कामाला लावलं. गवारेसाहेबांची फाईल परत खाली आली, चौकशी लागली. त्यांचा फोन पुन्हा कधी आला नाही. एकदा जिल्ह्याच्या बैठकीत ते समोरून येताना दिसले, तिनं सॅल्यूट केला, त्यांनीही केला, आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले. त्या रात्री ती फार रडली. विक्रम नुसता जवळ बसून राहिला. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, पाणी प्यायचं होतं आणि बाटली उघडायचं सुचत नव्हतं, तेवढ्यात जन्नतबी येऊन पुढं उभी राहिली.

तिनं आभार मानले नाहीत. सविताला तशी अपेक्षा नव्हती, पण काहीतरी येईल असं वाटत होतं, राग तरी. जन्नतबी चष्म्यातून बघत राहिली. मग म्हणाली, "सा वर्सं लागली तुमाला, बाई. येवढं सांगायला."

"हो," सविता म्हणाली.

"माजं म्हातारीचं सोडा. माजं काय, एक रात बसले बाकड्यावर, तुमी चादर दिली व्हती, चहा दिला व्हता. पर माजा अफताब." ती शेजारी टेकली. "भोसरीला हाय कारखान्यात. येतो. दर म्हयन्याला येतो. सकाळी येतो, जेवतो, माज्यापाशी बसतो, आन् दिवस कलायला लागला की उठतोच. मुक्काम करत न्हाई. सा वर्सांत येक रात घरी निजला न्हाई. म्हनतो, माज्यापायी तुला नेलं, म्या घरात निजलो तर फिरून येतील. लगीन ठरवलं तर नको म्हनतो. लोकं म्हनत्यात, पोलिसानी वेळंत धरलं व्हतं, कायद्यानं धरलं व्हतं, म्हंजी कायतरी केलंच आसंल."

व्हरांड्यातून वकील जात येत होते, कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. सविता म्हणाली, "मी त्याला सांगू का?" आणि म्हटल्यावर तिला कळेना की काय सांगायचं.

जन्नतबीनं पिशवीतून मोबाईल काढला. जुना, बटणांचा. डोळ्यांपाशी धरून तिनं नंबर लावला. "अफताब? हां, हो गयी तारीख. ले, बात कर." आणि मोबाईल सविताच्या हातात दिला. "तितं सांगितलं तेच सांगा," ती म्हणाली. "दुसरं कायबी नगं."

कानाशी मशीनचा घरघराट आला, लोखंड लोखंडावर घासल्याचा, आणि त्यातून एका माणसाचा आवाज. "कोण?"

"मी सविता. हवालदार." पुढं आडनाव, ठाणं, सगळं सांगायची सवय होती, ती गिळून टाकली.

"कुठली सविता?"

"त्या दिवशी तुमच्या आईचा हात धरून जीपमध्ये बसवलं, ती."

पलीकडं नुसता घरघराट. जन्नतबी तिच्या तोंडाकडं बघत होती. सविताने मोबाईल कानाशी आणखी घट्ट दाबला.

"थांबा," तो म्हणाला. "मशीन बंद करतो."

आवाज मंदावत गेला. काहीतरी मोठं फिरत होतं ते हळू झालं, आणखी हळू झालं, एकदा कुरकुरलं आणि थांबलं. मग पलीकडं त्याचा श्वास तेवढा राहिला.

"हां," तो म्हणाला. "बोला."